एकला न्हाई, एक्ला

कानिफनाथला शाळंनं सोडलं का त्यानं शाळंला, ह्यावर खांडवाडीत अजून एकमत न्हाई. त्याची आई आक्काबाई म्हनती, गुरुजी मारायचे म्हनून पोरगं पळालं. गुरुजी म्हनतात, पोरगं वर्गात गप बसंना म्हनून आमीच हात जोडले. आन् त्याला सोताला इचारलं तर म्हनतो, "आठवीत माझ्या बाकावर खिळा वर आल्ता. बसायचं कुठं?"

गप बसनं त्याच्या अंगातच न्हाई. आज बावीस वर्साचा हाय, उसाचा ट्रॅक्टर चालवतो, आन् ट्रॅक्टरवर एकटा असला तरी बोलत असतो. रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिचं पन समालोचन करनार. "म्हैस निघाली, म्हैस थांबली, म्हशीनं इचार बदलला."

खांडवाडी म्हंजी पाथर्डी तालुक्यातलं कोरडं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन खाली प्रवरा नदीच्या पट्ट्यात ऊस तोडायला उतरतं. कोल्हारच्या शिवारात कोप्या पडतात. कोपी म्हंजी चटई, पाचट आन् चार बांबू, चार-पाच म्हयन्याचं घर. कानिफनाथची सगळी हयात अशी निम्मी वर, निम्मी खाली गेली. आवाज मातुर सगळीकडं सारखाच. कांद्याच्या टेम्पोवर भोंगा लावून फिरायचा तवा बाया म्हनायच्या, कांदा नको बाबा, पन जरा वेळ थांब, बरं वाटतं ऐकायला.

दोन हंगामांमागं एका गावात कबड्डीचे सामने हुते आन् माईकवाला आलाच न्हाई. कोन तरी म्हनलं, तो कांदेवाला बोलवा. त्या दिवशी त्यानं माईक धरला तो आजतागायत. एक पोरगी लई सावकाश चढाई करत हुती, तर हा म्हनला, "ही चढाईला न्हाई चालली, ही पहिल्यांदा सासरी चाललीय. दमानं, मागं बगत बगत." मैदान हसून लोळलं. ती पोरगी पन हसली आन् तिचा दम सुटला, बाद झाली. कानिफनाथनं माईकवरच माफी मागितली, तर लोकं अजून हसली.

पन त्याला एक खोड लागली. इंग्रजी शब्दाची. त्याचं म्हननं, मराठीत कितीबी चांगलं बोललं तरी लोकं म्हनतात, कांदेवाला बोलतोय. एक इंग्रजी शब्द टाकला की मान वर करून बगतात. म्हनून एका स्पर्धेला एक नवा शब्द, असा त्यानं नेम केला. सुरवातीला 'पॅथेटिक' ह्या शब्दानं दगा दिला. त्याला वाटलं, एवढा भारी वाजतोय तर अर्थ पन भारीच असनार. एका बाईनं जबरी पकड केली आन् हा ओरडला, "काय पॅथेटिक पकड!" तिचा नवरा बीए झालेला, पॅथेटिक म्हंजी केविलवानी हे त्याला ठाऊक. तो माईकच्या टेबलापर्यंत चप्पल हातात घेऊन आला. तवापासनं कानिफनाथ अर्थ बगितल्याबिगर शब्द तोंडात घेत न्हाई.

एक्ला हा शब्द त्याला भेटला साखर कारखान्याच्या दारात. उसाचे ट्रॅक्टर नंबरानं उभे हुते, ह्याचा नंबर त्रेचाळिसावा. फोनात त्यानं एक ॲप घेतलेलं. त्यात रोज एक शब्द यायचा. खाली मराठीत अर्थ, आन् बटन दाबलं की एक बाई तो शब्द बोलून दाखवायची. त्या दिवशी बाई म्हनली, "एक्लाऽ". खाली अर्थ हुता, डोळे दिपवनारं यश. कानिफनाथनं बटन परत दाबलं. बाई परत म्हनली. नंबर लागेपर्यंत त्यानं तिला साठ-सत्तर येळा बोलायला लावलं. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं इचारलं, "का रं, बायकू रुसली व्हय? एकच शब्द बोलती."

त्यानं ठरवलं, ह्यो शब्द असा तसा खर्चायचा न्हाई. ह्यो राखीव. बेलापूरच्या सामन्यासाठी, आन् तो पन अंतिम सामन्यासाठी.

कारन बेलापूरला त्याची बहीन खेळनार हुती.

रेश्मा त्याच्यापेक्षा चार वर्सांनी धाकटी. आई-बापासंगं उसात मोळ्या बांधायची आन् दुपार कलली की कोप्यांवरच्या पोरी गोळा करून कबड्डी खेळायची. मैदान कुठलं, तर ऊस तोडून मोकळं झालेलं रान. त्यात खोडक्या उभ्या. टोकदार. तिथं पडायची सोयच न्हाई, पडलं की मांडी फाटली. म्हनून त्या पोरी पडायलाच शिकल्या न्हाईत. धक्का द्या, पाय ओढा, माकडावानी एका पायावर तोल सावरनार. गेल्या साली बेलापूरला पहिल्यांदा मऊ मातीवर खेळल्या तर बाकीच्या संघांना कळंना, ह्यांना पाडायचं कसं.

औंदा बेलापूरची स्पर्धा वेगळी हुती. जिंकनाऱ्या संघातल्या सगळ्या पोरींना नगरच्या जिल्हा निवड चाचनीत थेट जागा. थेट. न्हाईतर खांडवाडीच्या पोरींना कोन बोलावनार? शाळा वर, पोरी खाली. वरच्या शाळंच्या हजेरीत गैरहजर, खालच्या शाळंच्या पटावरच न्हाईत. कुन्या संघाच्या कागदावर नाव चढायचा हा एकच रस्ता, आन् तो बेलापूरच्या मैदानातनं जात हुता. रेश्मानं कानिफनाथला सांगितलं हुतं, "दादा, तू माईकवर कायबी बोल, पन माझ्यावर इनोद करू नको. मला हसू आलं तर मी गेले."

"तुझ्यासाठी शब्द राखून ठिवलाय," तो म्हनला.

"कुठला?"

"आत्ता न्हाई सांगनार. मैदानात ऐक."

इथंच खरी चुकी झाली. तिथंच सांगितलं असतं तर पुढचं रामायन झालं नसतं.

अंतिम सामना रविवारी दुपारी. बाजारतळावरच्या मैदानाला चारी बाजूंनी मानूस. पोरं झाडावर, म्हातारे खुर्च्यांवर, बाया टेम्पोच्या हौद्यात उभ्या. समोर सोनईचा संघ. चांगला, तालमीतला, सगळ्यांच्या पायात एकसारखे बूट. त्यांची कर्नधार धनश्री, उंच, शांत, कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकनारी. त्यांना शिकवनारा कल्याण, गळ्यात शिट्टी, तोंडात बडीशेप, आन् चूक दिसली की हात वर. मुख्य पंच सविता मॅडम. त्या मॅडमनी शिट्टी मारली की कुत्रं पन भुंकायचं थांबतं, अशी ख्याती.

कानिफनाथनं सकाळीच डाव्या हातावर बॉलपेननं तो शब्द लिहून ठिवला हुता. ऐन टायमाला इसरायला नको. आता जोडाक्षराशी त्याचं पहिलीपासनं वाकडं. त्यानं सरळ लिव्हलं, एकला.

सामना असा झाला की सांगनाऱ्याला पन दम लागावा. सोनईनं पहिल्या धा मिनटांत खांडवाडीवर लोन चढवला, सगळ्या पोरी बाद. कानिफनाथ माईकवर म्हनला, "घाबरू नका, आमच्याकडं दर साली पाऊस असाच जातो, तरी मानसं हायेत." मध्यंतरानंतर रेश्मा पेटली. एका चढाईत दोन. परत एक. सोनईच्या पोरी पकड करायला येत हुत्या आन् ही त्यांच्या हातातनं साबनावानी सुटत हुती. फरक आठाचा पाच झाला, पाचाचा तीन. कानिफनाथचा आवाज चढत हुता, भोंगा कर्र करत हुता, झाडावरचं एक पोरगं खाली पडलं तरी त्याच्याकडं कोन बगना. ते सोताच उठून परत चढलं.

शेवटची चढाई. सोनई बावीस, खांडवाडी एकवीस. सोनईच्या तिघी उरलेल्या. रेश्मा आत गेली.

"रेश्मा आत. तिघी समोर. रेश्मानं पाय टाकला, मागं घेतला. उजवीकडची पुढं सरकली, रेश्मा तिच्याकडं बगतच न्हाई, बगतच न्हाई, आन् हात..."

हात लागला. उजवीकडच्या पोरीच्या खांद्याला, चिमटीएवढा. ती पोरगी आन् तिच्या बाजूची, दोघी पकडायला झेपावल्या आन् एकमेकीवर आदळल्या. रेश्मा रेषेकडं पळाली. एक पाऊल टाकलं की सामना बरोबरीत.

कानिफनाथ खुर्चीवर चढला. म्हयनाभर पोटात ठिवलेला शब्द बाहेर आला.

"एक्लाऽ!"

रेश्मा रेषेपाशी थबकली. तिनं मान वळवली. दोन पावलांवर धनश्री उभी हुती. पाठलाग करत आल्ती आन् आता काय उपेग न्हाई म्हनून थांबलेली, हात खाली सोडलेले. रेश्मानं हात मातीवर टेकला आन् घोड्यावानी मागं पाय झाडला. टाच धनश्रीच्या गुडघ्याला लागली. दुसऱ्या क्षनाला रेश्मा रेषेपार.

तेवीस, बावीस.

मैदान फुटलं. बाया टेम्पोतनं उड्या मारायला लागल्या, खांडवाडीच्या पोरी रेश्माच्या अंगावर. कानिफनाथ खुर्चीवर उभा राहून नुसता हसत हुता. आन् त्या गोंधळात कल्याणचा हात वर गेला.

"हरकत हाय मॅडम."

सविता मॅडमनी शिट्टी मारली. सगळं गप.

"माईकवरनं इशारा दिला," कल्याण म्हनला. "पोरगी रेषेपार चालली हुती. ह्यानं वरनं सांगितलं, एकला. म्हंजी मागं एकटीच हाय, मार. सगळ्या मैदानानं ऐकलंय. भाऊ माईकवर, बहीन मैदानात. असं असल तर मंग आमी पन आमची चुलती बसवतो माईकवर."

कानिफनाथ खुर्चीवरनं खाली आला. "एकला न्हाई म्हनलो. एक्ला म्हनलो. इंग्रजी शब्द हाय."

"इंग्रजीत कवापासनं एकला आला?"

"एकला न्हाई ओ, एक्ला. डोळे दिपवनारं यश, असा अर्थ हाय त्याचा."

"ते हातावर काय लिव्हलंय बगू."

कानिफनाथनं हात मागं नेला. म्हंजी झालंच. कल्याणनं मनगट धरून हात वर केला आन् मोठ्यानं वाचलं, "ए-क-ला. घ्या. इशारा सकाळीच ठरवून लिहून आनलाय."

सोनईचे लोक हसले न्हाईत, चिडले. मागनं कोन तरी म्हनलं, कॉपीचा बादशहा. आयुष्यात एकदाच अभ्यास केला आन् त्यावरच कॉपीचा आरोप आला, ह्याचं कानिफनाथला लई वंगाळ वाटलं.

सविता मॅडमनी सोताचा फोन काढला. "स्पेलिंग सांग."

आता स्पेलिंग. त्यानं शब्द ऐकला हुता, सत्तर येळा ऐकला हुता, पन त्याची अक्षरं नीट बगितली कुठं हुती? ॲपमधला शब्द दुसऱ्या दिवशी जातो, नवा येतो. त्याचा फोन तर सकाळीच मेला हुता. तो म्हनला, "असंल ई, के, एल, ए."

मॅडमनी तसं लिव्हलं. वाचलं. भुवया वर केल्या. "इथं बंगाली शब्द येतोय. अर्थ, एकटा."

कल्याणनं दोन्ही हात पसरले. आता त्याला बोलायची पन गरज नव्हती.

"दोन के टाकून बगा," कानिफनाथ म्हनला.

दोन के टाकले. फोनात कुठल्या तरी गावचा टायर दुकानदार आला. पुढं वाय टाकला, मागं एच लावला. गर्दीतनं एक म्हातारा म्हनला, "आरं ते एकला न्हाई, ऐकला असंल. शब्द ऐकला, कोन ऐकला." त्याला बाकीच्यांनी गप केलं.

रेश्मा मैदानात गुडघ्यावर हात ठिवून उभी हुती. मातीनं भरलेली, दम खात. ती भावाकडं बगत हुती. त्या नजरंत राग नव्हता, तेच वाईट. ती नुसती बगत हुती, आता ह्यो काय करतो.

मॅडम म्हनल्या, "शब्द सापडत न्हाई. मी अजून दोन मिनटं देते. मंग निर्नय."

कानिफनाथच्या डोक्यात ती बाई आली. कारखान्याच्या दारातली, फोनातली. तिची शिष्टावानी बोली. तो म्हनला, "मॅडम, फोनात बोलून शोधता येतं ना? लिहायचं न्हाई. मी बोलतो, फोन लिहील. इंग्रजीवर करा."

मॅडमनी फोन इंग्रजीवर केला आन् त्याच्या तोंडापुढं धरला. तो बोलला. मॅडमनी वाचलं, "अ क्लॉक."

"घड्याळ आलं," कल्याण म्हनला. "दोन मिनटं संपली म्हनतंय."

लोकं हसायला लागली. बाजारतळाच्या कडंला उसाचा ट्रॅक्टर गानी लावून चालला हुता, फुटानेवाला घंटी वाजवत हुता. फोन तरी काय ऐकनार? कानिफनाथनं माईक घेतला. दोन दिवस त्यानं ह्या लोकांना ओरडायला लावलं हुतं. आता म्हनला, "मंडळी, हात जोडतो. धा सेकंद कोनी बोलू नका. फुटानेवाले मामा, घंटी. ट्रॅक्टरवाल्या भावा, गानं बंद कर. माझ्या बहिनीचा गुन अडकलाय."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिनच बंद केलं. दोन-अडीच हजार मानूस गप झालं. चिमन्या ऐकायला यायला लागल्या.

तो परत बोलला. मॅडमनी बगितलं. "एक्लेअर."

"चॉकलेट आलं," झाडावरनं एक पोरगं म्हनलं, आन् त्याला खालनं चप्पल बसली.

कानिफनाथनं डोळे मिटले. चूक त्याला कळली हुती. तो त्याच्या आवाजात बोलत हुता. कांदेवाल्याच्या. शब्द त्या बाईचा हुता. ती सुरवात बारीक करायची, मधी ओठ आवळायची न्हाई, आन् शेवटाला श्वास सोडून द्यायची, मेनबत्ती विझवल्यावानी. आख्ख्या कोल्हारच्या मानसांच्या नकला करनारा गडी. त्यानं मान जरा वाकडी केली, खांदे पाडले आन् एका गोऱ्या बाईच्या आवाजात, बेलापूरच्या बाजारतळात, म्हनला, "एक्लाऽ."

मॅडम फोनकडं बगत राहिल्या. "ई, सी, एल, ए, टी. आलंय काय तरी."

"टी कुठनं आला?" कल्याण म्हनला. "टी तर तो म्हनलाच न्हाई."

"वाचा की मॅडम," कानिफनाथ म्हनला. त्याचा आवाज परत कांदेवाल्याचा झाला हुता, आन् बारीक.

मॅडम खेळाच्या, इंग्रजीच्या न्हाईत. इंग्रजी बारीक अक्षरात हुतं. त्यांनी इकडं तिकडं बगितलं. तवा धनश्री पुढं आली. सोनईची कर्नधार. जिचा गुडघा ह्या सगळ्याच्या मुळाशी हुता. तिनं हात पुढं केला. "आना मॅडम, मी वाचते."

कल्याण म्हनला, "धनश्री, तू बस."

"सर, वाचतीय फक्त."

आता ती काय वाचनार, हे तिच्यावर हुतं. एवढ्या लोकांत दुसऱ्या कुनाला ते धड वाचता येत नव्हतं. ती खोटं बोलली असती तर कुनाच्या बापाला कळलं नसतं. ती मनात वाचत गेली आन् मंग मान वर केली.

"बरोबर हाय त्याचं. इंग्रजीत वापरतात, पन शब्द मूळचा फ्रेंच हाय. शेवटचा टी लिहायचा, म्हनायचा न्हाई."

"लिहायचा आन् म्हनायचा न्हाई?" म्हातारा म्हनला. "आमच्या सोसायटीच्या संचालकावानी. यादीत हाय, कामाला न्हाई."

"अर्थ सांग," मॅडम म्हनल्या.

"लखलखीत यश. एखादं काम असं करनं की सगळ्यांचे डोळे तिकडं फिरावेत. आन् कुठनं आला ते पन दिलंय." ती जरा थांबली, मराठी शोधत. "मूळ क्रियापद हाय, त्याचा अर्थ फुटनं. म्हंजी स्फोट झाल्यावानी फुटनं, तुकडे उडनं. ढलपी उडती ना लाकडाची, तसं. आधी नुसतं फुटनं हुतं. मंग फुटल्यावर आवाज येतो, उजेड पडतो, म्हनून झगमगाट. मंग त्यावरनं मोठं यश. इंग्रजीत सतराव्या शतकात आला."

"म्हंजी शिवाजी महाराजांच्या टायमाला," म्हातारा म्हनला. आता त्याला कोनी गप केलं न्हाई.

खांडवाडीच्या पोरींतली एक, पूजा नावाची, आतापर्यंत नखं खात हुती. ती म्हनली, "मंजी आपलं फोडलं की."

"काय?"

"फोडलं. पेपर फोडला, म्हनत्यात, मॅच फोडली. फोडलंस भावा. तेच ना ते?"

धनश्रीला हसू आलं. "तेच. अगदी तेच."

मैदानात एक लाट उठली. जो तो शेजारच्याला सांगायला लागला. आरं फोडलं म्हंजी एक्ला. फ्रेंच लोकं पन फोडलंच म्हनत्यात. कानिफनाथ येड्यावानी उभा. म्हयनाभर ज्या शब्दाला तिजोरीतल्या दागिन्यावानी जपला, तो कोप्यांवरची शेंबडी पोरं रोज टेनिस बॉल मारताना फुकट वापरत हुती. फ्रान्सला जायची गरजच नव्हती. पन त्याला वाईट न्हाई वाटलं. उलटं छाती भरून आली. इतक्या लांबच्या मानसांना पन चांगलं काम बगितलं की पहिल्यांदा फुटल्याचाच आवाज आठवला, म्हंजी आपलं कान बरोबर हायेत.

"शब्द खरा हाय," सविता मॅडम म्हनल्या. "इशारा म्हनून बोलला न्हाई, हे मी मानते."

खांडवाडीच्या पोरी उड्या मारनार, तेवढ्यात मॅडमनी हात वर केला. "रेश्मा, इकडं ये. तू काय ऐकलंस?"

परत सगळं गप. ह्या टायमाला कुनी सांगायची पन गरज पडली न्हाई.

कानिफनाथ टेबलापासनं पुढं सरकला. त्याला बहीन ठाऊक हुती. लहानपनी ह्यानं गूळ चोरला की ही न इचारता सांगायची, दादानं खाल्ला आन् मी बगत हुते. त्यानं डोळ्यांनी तिला खुनावलं. नुसतं म्हन, मला कायच ऐकू आलं न्हाई. एवढ्या कालव्यात कुनाला काय ऐकू येतंय?

रेश्मानं त्याच्याकडं बगितलंच न्हाई.

"एकला ऐकलं," ती म्हनली. "मला वाटलं, दादा सांगतोय, मागं एकटीच हाय. म्हनून वळले. न्हाईतर मी रेषेपार गेले असते."

कल्याणनं बडीशेप गिळली.

कानिफनाथ मधी घुसला. "मॅडम, ऐका. चुकी माझ्या तोंडाची हाय. तिची न्हाई. मला काढा. माझ्यावर बंदी घाला, जिल्ह्यात कुठं माईक धरला तर पोलिसात द्या. लिहून देतो. पन तिचा गुन काढू नका. पाय तिनं मारलाय, मी न्हाई मारला."

"लिहिता येतं का तुला?" मॅडम म्हनल्या. पन कडू न्हाई म्हनल्या.

"येतं. जोडाक्षर सोडून."

मॅडमनी दोन्ही पंचांना जवळ घेतलं. तिघांनी डोकी लावली. अर्ध्या मिनटात मॅडम परत आल्या. "पहिला गुन खरा. दुसरा गुन बाहेरच्या आवाजावर झाला, मुद्दाम असो नसो. तो धरता येनार न्हाई. बावीस-बावीस. नानं उडवायचं. जो जिंकल त्याची एक चढाई, पहिला गुन ज्याचा, चढाईचा का पकडीचा, त्याचा सामना. आन् तू," त्या कानिफनाथकडं वळल्या, "माईक हितं दे. चढाई होईस्तोवर तोंडातनं शब्द आला तर सामना तिकडं देईन."

त्यानं माईक दिला. बटन बंद करून दिला. मंग खात्री नव्हती म्हनून डावा हात पन तोंडावर दाबला, तोच, बॉलपेनवाला.

नानं सोनईकडं पडलं. चढाई धनश्रीची.

रेश्मा कोपऱ्यात उभी राहिली. चढाई करनारी पोरगी, पकडीत ती कच्ची, हे साऱ्यांना ठाऊक. धनश्रीला पन. ती सरळ तिच्याकडंच आली. एक हात पुढं, पाय लांब, तोंडात कबड्डी कबड्डी चाललेलं, घाई न्हाई. रेश्मा मागं सरकली. अजून मागं. मागं रेषा आली, आता जागा संपली. धनश्रीनं पाय टाकला, रेश्माच्या घोट्याला लागनार अशा बेतानं.

तो पाय रेश्माला लागला. पन रेश्मा मागं पळाली न्हाई. ती त्या पायावरच पडली. जी पोरगी खोडक्यांच्या भीतीनं आयुष्यात कधी पडली नव्हती, ती आंगाखालची माती बगून पडली, आन् दोन्ही हातांनी घोटा कवळला. धनश्री वळली. उंच पोरगी, ताकदीची, ती रेश्माला तशीच फरपटत निघाली. चार फूट. पूजा आडवी आली, धनश्रीनं तिला खांद्यानं उडवली. बाकीच्या पोरी एकीवर एक येऊन पडल्या. सगळा ढीग रेषेकडं सरकत हुता. ढिगातनं धनश्रीचा एक हात बाहेर आला, बोटं तानलेली, रेषा वीतभर लांब. कबड्डी कबड्डी अजून चाललेलं, बारीक झालेलं, बारीक, आन् मधीच तुटलं.

शिट्टी.

पाच-सहा पोरींच्या खालनं रेश्माला काढायला लागलं. तोंडात माती. धनश्री मातीतच बसलेली. तिचा घोटा अजून रेश्माच्या हातात. धनश्री म्हनली, "घोटा सोड आता, सुजंल."

"सुटतच न्हाई," रेश्मा म्हनली. तिची बोटं खरंच वळली हुती, दुसऱ्या हातानं सरळ करायला लागली. मंग धनश्रीनं हात पुढं केला आन् रेश्मानं तिला ओढून उठवलं.

मैदान पेटलं हुतं. हौद्यावर थाळ्या वाजत हुत्या, ट्रॅक्टरवाल्यानं गानं परत चालू केलं, मोठं. कानिफनाथ तोंडावर हात दाबून टेबलापाशी तसाच बसलेला. डोळ्यांतनं पानी चाललेलं, हाताखालनं नुसता हुं हुं आवाज.

सविता मॅडमनी माईक त्याच्या पुढं ठिवला. "आता बोल. निकाल सांग."

त्यानं हात काढला. बटन दाबलं. लोकं थांबली, ह्यो आता काय फोडतो बगायला. त्यानं तोंड उघडलं आन् एक शब्द येईना. ना इंग्रजी ना मराठी. म्हशीला पन बोलायला न लाजनारा गडी, माईक तोंडापुढं धरून नुसता श्वास सोडत बसला.

"दादा," रेश्मा मैदानातनं ओरडली, "सांग की. नगरला नावं द्यायचीत."

"खांडवाडी तेवीस," तो म्हनला. "सोनई बावीस."

"मागं ऐकू न्हाई आलं," टेम्पोतनं एक बाई म्हनली.

त्यानं परत सांगितलं.